कीबोर्ड घेण्याआधी प्रिंटरची केबल घ्या

लग्नसराई ओसरली की खान्देशात हा प्रश्न हमखास डोकं वर काढतो. हळदीची, वरातीची गाणी कानात ताजी असतात, कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर असतंच, एखादी अहिराणी चाल डोक्यात घोळत असते, आणि मग विचारणा होते, "भाऊ, कीबोर्ड लेऊ का नको?" विचारणाऱ्याने यूट्यूबवर जेवढे स्टुडिओ पाहिलेले असतात, त्या प्रत्येकात टेबलावर एक चकचकीत कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. त्यामुळे त्याच्याशिवाय गाणं बनतच नाही असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

बनतं. पण त्याला एक अट आहे. पेटी किंवा कीबोर्ड थोडाफार येत असेल, ऐकलेली चाल बोटं आपोआप शोधत असतील, तर कंट्रोलर पहिल्याच खरेदीत बसवा. माऊसने एकेक सूर ठेवत बसलात तर चाल कागदावर उतरेपर्यंत डोक्यातून निघून जाईल. बोटांना ती सवय नसेल, तुम्हाला बीट बनवायचे असतील, गायकाचा आवाज घेऊन त्याला साथ लावायची असेल, रिमिक्स करायचं असेल, तर पहिले तीन-चार महिने कंट्रोलर टेबलावर धूळच खाणार. आणि जळगाव-धुळ्याची मे महिन्यातली धूळ काय असते ते वेगळं सांगायला नको.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण त्यापायी पैसे जातात. मिडी कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. त्यात स्पीकर नाही, सूर नाहीत, ताल नाहीत. पट्टी दाबली की तो सॉफ्टवेअरला फक्त आकडे पाठवतो: कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. १९८३ साली ठरलेल्या मिडीच्या भाषेत पट्टीचा क्रमांक ० ते १२७ आणि जोर १ ते १२७. मधला सी म्हणजे ६०. आवाज काढायचं काम लॅपटॉपमधल्या प्लगइनचं, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्याचं. त्यामुळे कंट्रोलर घेऊन जागरणाला किंवा ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर गेलात तर तो मुका बसेल. स्टेजवरही वाजवायचं असेल तर तुम्हाला हवा आहे तो साधा, स्पीकरवाला कीबोर्ड.

इथेच आपल्याकडची एक सोय लक्षात येते. गावागावात ऑर्केस्ट्रा आहेत, बँड आहेत, भजनी मंडळं आहेत, मुलांना क्लासला घातलेली घरं आहेत. यामाहाचा पीएसआर, कॅसिओचा सीटीएक्स किंवा सीटीके, रोलंडचा एक्सपीएस यांपैकी काहीतरी कुणाच्या तरी कपाटावर गवसणीत पडलेलं असतं. त्याची मागची बाजू पाहा. जवळजवळ चौकोनी, वरचे दोन कोपरे तिरपे कापलेलं एक यूएसबी भोक असेल आणि शेजारी 'टू होस्ट' किंवा 'कॉम्प्युटर' असं काही लिहिलेलं असेल, तर तो ६१ पट्ट्यांचा मिडी कंट्रोलरच आहे. त्याला लागते ती केबल म्हणजे प्रिंटरची केबल. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये जाऊन 'मिडी केबल' मागितलीत तर दुकानदार गोंधळेल. 'प्रिंटरची केबल' म्हणा, लगेच काढून देईल. कंट्रोलरच्या किमतीच्या मानाने ती फुकटच. दीड मीटरची घ्या. लांब आणि स्वस्त केबल सिग्नल मध्येच तोडते.

जोडल्यावर तीन गोष्टी हटकून चुकतात.

पहिली, आवाज दोनदा येतो. कीबोर्ड स्वतःचा पियानो वाजवतो आणि सॉफ्टवेअर त्याची सनई. दोघांत किंचित अंतर पडतं, त्यामुळे सगळं फाटक्यासारखं ऐकू येतं. फंक्शनच्या मेनूत 'लोकल' नावाची सेटिंग शोधा आणि ती ऑफ करा. सापडत नसेल तर कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. मिडीत जोर वेगळा जातो, व्हॉल्यूमच्या बटणाशी त्याचं देणंघेणं नाही.

दुसरी, डाव्या हाताची ऑटो साथ चालू राहिलेली असते. मग एक सूर दाबला की स्टाइलमधले बास, कॉर्ड, ढोल असे सगळे सूर वेगवेगळ्या चॅनलवरून सॉफ्टवेअरमध्ये येऊन पडतात आणि पियानो रोलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर सूर दाखवतं त्या जाळीत, मुंग्यांची रांग दिसते. साथ बंद, स्प्लिट बंद, ड्युअल बंद. मिडीचे चॅनल १६ आहेत. तुम्हाला सध्या एकच हवा आहे.

तिसरी, ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सेटिंग. क्लासच्या मुलाने किंवा मंडळाच्या वादकाने तो अधिक एक किंवा उणे दोनवर ठेवलेला असतो. तुम्ही पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, सी) दाबता आणि पियानो रोलमध्ये सी शार्प उमटतो. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे पाहा.

जुन्या मॉडेलला यूएसबी नसतं, पाच पिनांची गोल मिडी भोकं असतात. तेव्हा यूएसबी-मिडी अडॅप्टर लागतो. कीबोर्डची 'आउट' अडॅप्टरच्या 'इन'ला जाते. पण स्वस्त अडॅप्टरवर काही कंपन्या नाव प्लगचं लिहितात आणि काही तो जिथे घालायचा त्या भोकाचं. म्हणून काहीच येत नसेल तर दोन्ही प्लगची अदलाबदल करून पाहा, बिघडत काही नाही. रोलंडच्या बऱ्याच मॉडेलना कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यावा लागतो, काही जुन्या यामाहांनाही. कॅसिओ बहुधा लावला की चालू.

तर कंट्रोलरवर खर्च करण्याआधी हे एवढं करा. शेजारच्या काकांचा कीबोर्ड महिनाभर मागून आणा आणि त्यावर रोज बसता का ते बघा. उत्तर तिथेच मिळेल.

तोही मिळत नसेल तर लॅपटॉपचा टायपिंगचा कीबोर्ड आहेच. एफएलमध्ये कंट्रोल आणि टी दाबलं की अक्षरं स्वर होतात. खालची ओळ झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन, एम या सात पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्या वरच्या ओळीत एस, डी, जी, एच, जे या काळ्या. पुढचं सप्तक क्यूपासून सुरू होतं आणि त्याच्या काळ्या आकड्यांच्या ओळीत २, ३, ५, ६, ७ वर. एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी वेगळी: ए, एस, डी, एफ या मधल्या ओळीत पांढऱ्या, झेड आणि एक्सने सप्तक खालीवर. रीपर या तिसऱ्यात अल्ट आणि बी दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो.

पेटीवाल्यांनी हे आपल्या भाषेत बसवून घ्यावं. एफएलच्या मांडणीत काळी एकचा सा म्हणजे एस, काळी चारचा सा म्हणजे एच. काळी चारवरून सा रे ग प ध सा वाजवायचं तर एच, जे, मग वर उडी मारून क्यू, ३, आर, ६. बोटं अडखळणारच. तीच सरगम पांढरी एकपासून झेड, एक्स, सी, बी, एन अशी एका ओळीत बसते. म्हणून टायपिंगवर वाजवताना सरळ पांढरी एकमध्ये चाल बसवा, रेकॉर्ड झाल्यावर पियानो रोलमध्ये सगळे सूर निवडून आठ अर्धस्वर वर किंवा चार खाली सरकवा. दोन्ही वाटांनी काळी चारच येते, फक्त सप्तक वेगळं.

टायपिंगच्या कीबोर्डच्या मर्यादा तीन आहेत, आणि त्या गंभीर आहेत. एक, जोर कळत नाही. हळू दाबा की आपटा, आकडा एकच जातो. दोन, तीन-चार अक्षरं एकदम दाबली की काही जोड्यांमध्ये तिसरं उमटतच नाही. साध्या कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली की चौथंही दाबलं गेलंय का हे जाळीला कळत नाही, म्हणून ती तिसरं सोडून देते. कॉर्ड अर्धवट वाजतो तो यामुळे, तुमचं बोट चुकलेलं नसतं. तीन, मींड नाही. सूर ओढायचं चाक लॅपटॉपवर कुठून येणार?

पहिली मर्यादा माऊसने भरून काढता येते, आणि ती कशी ते नीट पाहण्यासारखं आहे. आपल्या गाण्यांचा जीव ढोलकीत आणि ढोलात असतो, आणि कंट्रोलर असूनही तो जीव बिघडवणारी मंडळी खूप आहेत.

दादरा घ्या. धा धी ना, धा ती ना; सहा मात्रा. नवशिका एफएल उघडतो, समोर १६ खाने असतात, त्यांत तो ढोलकीचे बोल भरतो. १६ ला ३ ने भाग जात नाही. त्यामुळे तीन-तीन मात्रांचे पाच तुकडे झाले की एक खाना उरतो आणि दर वेळी ताल लंगडतो. मग वाटतं, सॅम्पल (ढोलकीचा रेकॉर्ड केलेला आवाज) खराब आहे, नाहीतर कंट्रोलर हवा होता. यातलं काही नको. प्रोजेक्टची टाइम सिग्नेचर ६/८ करा आणि पॅटर्नची लांबी १२ खाने. एक मात्रा म्हणजे दोन खाने. बोल १, ३, ५, ७, ९, ११ या खान्यांत. केहरव्याला ही अडचण येत नाही, आठ मात्रा १६ खान्यांत सरळ बसतात. म्हणूनच नवख्यांची केहरव्यातली गाणी बरी होतात आणि दादऱ्यातली फसतात.

आता जोर. सगळे बोल १०० वर ठेवले की ढोलकी शिलाई मशीनसारखी वाजते. पियानो रोलच्या तळाला जोराच्या उभ्या रेघा दिसतात, त्या माऊसने ओढा. सुरुवातीला हे आकडे धरून पाहा: पहिला धा ११२, धी ६४, ना ८४, दुसरा धा ९६, ती ५६, ना ७८. दुसरा धा पहिल्यापेक्षा कमी, आणि 'ती' सगळ्यांत खाली, कारण तिथे डग्ग्याची बाजू रिकामी असते. दुसऱ्या आवर्तनात हेच आकडे तीन-चारने इकडेतिकडे करा, नाहीतर कानाला लगेच कळतं की कॉपी मारली आहे. सॅम्पलमध्ये हळू आणि जोरात असे वेगळे आवाज नसतील तर फक्त आवाज लहानमोठा होईल, नादाचा रंग बदलणार नाही. अशा वेळी हलक्या बोलांसाठी हलका मारलेला वेगळा सॅम्पल शोधा.

मग जागा. एफएलमध्ये मूळ सेटिंगला एका क्वार्टर नोटचे, म्हणजे टेम्पोच्या एका ठोक्याचे, ९६ तुकडे असतात. ११० च्या टेम्पोला एक तुकडा साधारण ५.७ मिलिसेकंदांचा. शेवटचा ना दोन-तीन तुकडे उशिरा सरकवा, म्हणजे ११ ते १७ मिलिसेकंद. कागदावर काहीच नाही, पण चाल एकदम पायात येते. सहा तुकडे सरकवले तर मात्र वादक झोपेत आहे असं वाटेल. अल्ट दाबून ओढलं की सूर खान्याला न चिकटता हलतो.

हे सगळं माऊसने होतं. वीस मिनिटं लागतात. ज्याला ढोलकी वाजवता येते तो कंट्रोलरच्या रबरी पॅडवर हेच वीस सेकंदांत मारेल. कंट्रोलरचा खरा उपयोग इथे आहे: तो वेळ वाचवतो आणि हात आधीच जाणतो ते थेट आत घेतो. हात जाणत नसेल तर घ्यायला काही नसतं.

ढोलकी-ढोलासाठीच घ्यायचं मनात असेल तर तेही आधी आसपास शोधा. ऑर्केस्ट्राच्या तालवाद्यवाल्याकडे ऑक्टापॅड असतो. रोलंडच्या एसपीडी-२० ला गोल मिडी आउट आहे, एसपीडी-३० ला यूएसबीही. आठ पॅड, काठीने वाजणारे, जोर ओळखणारे. लहान कंट्रोलरच्या आठ रबरी पॅडांपेक्षा हे कितीतरी बरे. प्रत्येक पॅड एक क्रमांक पाठवतो. तुमच्या ड्रम प्लगइनमध्ये किक बहुधा ३६ वर आणि स्नेअर ३८ वर असतो. जुळत नसेल तर प्लगइनच्या बाजूने जुळवा, पॅडमधलं सेटिंग बदलू नका. पॅड मागून आणलेला आहे, आणि त्याचा मालक रात्री कार्यक्रमात उभा राहिल्यावर ढोलाच्या जागी झांज वाजली तर पुढच्या वेळी तो तुम्हाला दारात उभं करणार नाही.

बरं, मागून आणून झालं, रोज बसायची सवयही लागली, आता स्वतःचा घ्यायचा. किती पट्ट्यांचा?

बाजारात सगळ्यांत जास्त खपतो तो २५ बारीक पट्ट्यांचा. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब, नोव्हेशनचा लाँचकी मिनी ही यातली ओळखीची नावं. दर दुकानागणिक आणि सेलगणिक बदलतात. पेटीवाल्याने घेण्याआधी मात्र एक हिशेब करावा, जो इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही.

२५ पट्ट्या म्हणजे सी ते सी, दोन सप्तकं आणि वर एक. आपल्या चालीला मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत जागा लागते असं धरा. सा काळी चारला असेल तर तो डावीकडून नववी पट्टी. मंद्र पंचम त्याच्या पाच पट्ट्या खाली, म्हणजे चौथी. तार शुद्ध गंधार १६ वर, म्हणजे पंचविसावी, शेवटचीच. बरोब्बर बसलं. बायकांच्या मंडळात काळी चार सर्रास चालते, त्यांच्या चालींना हा कंट्रोलर पुरतो.

आता पुरुष गायकाची काळी एक घ्या. सा दुसऱ्या पट्टीवर धरला तर त्याच्याखाली एकच पट्टी उरते; मंद्र पंचम गेला. चौदाव्यावर धरला तर मंद्र पंचम नवव्यावर येतो, पण तार सा सव्विसाव्या पट्टीवर, आणि ती पट्टीच नाही. एका पट्टीने हुकतं. ट्रान्सपोज अधिक एक करून पांढरी एकवरून वाजवलं तर तार सा शेवटच्या पट्टीवर कसाबसा येतो, तार रे नाही. मग अंतरा चढला की डाव्या हाताने सप्तकाचं बटण दाबायचं, चाल मध्येच तुटते. ३७ पट्ट्यांच्या कंट्रोलरवर हा त्रास नाही: सा चौदावी, तार गंधार तिसावी, वर सात पट्ट्या शिल्लक. माझ्या मते पेटी वाजवणाऱ्याने ३७ किंवा ४९ शिवाय घेऊच नये, भले पॅड आणि गोल बटणं कमी मिळोत. पेटीवाल्याचा उजवा हात पूर्ण रुंदीच्या पट्टीला सवयीचा असतो. बारीक पट्ट्यांवर दोन बोटांच्या मध्ये तिसरी पट्टी येते आणि मुरकी घेताना शेजारचा सूर दुखावतो. ६१ चा मोह मात्र आवरा. आयुष्यभर डावा हात भात्यावर राहिलेला असतो, तो पहिल्या वर्षी काही करणार नाही, आणि टेबलावर लॅपटॉपला जागा उरणार नाही.

मींड हवी असेल तर चाक बघून घ्या. काही लहान मॉडेलवर चाकाऐवजी स्पर्शाची पट्टी असते, काहींवर छोटी दांडी. सनई किंवा पावरीसारखा सूर ओढायला चाक सगळ्यांत भरवशाचं. बहुतेक प्लगइनमध्ये चाकाची मर्यादा वर दोन, खाली दोन अर्धस्वर अशी असते, म्हणजे सा पासून रे पर्यंतच पोहोचतं. सा ते ग ओढायचं तर ती मर्यादा प्लगइनमध्ये चार किंवा पाच करा. बारा करू नका. चाकाचा प्रवास तेवढाच राहतो आणि कणभर बोट हललं तरी सूर भरकटतो. कंट्रोलर नसताना एफएलमध्ये स्लाइड नोट वापरून मींड काढता येते, पण ती एफएलच्या स्वतःच्या प्लगइनमध्ये चालते. बाहेरच्या प्लगइनला ती कळत नाही; नवख्यांचा अख्खा रविवार यात जातो.

आता उशीर. पट्टी दाबली आणि आवाज मागून आला, ही कंट्रोलरविषयीची सगळ्यांत मोठी तक्रार, आणि त्यात कंट्रोलरचा दोष जवळजवळ कधीच नसतो. लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. अशा एका तुकड्याला बफर म्हणतात, आणि तो सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या बारीक मोजमापांत मोजतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. हवेत आवाजाला चार मीटर कापायला जेवढा वेळ लागतो तेवढा पहिला उशीर. तो चालून जातो. दुसऱ्यात ताल सुटायला लागतो. विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये त्यात आणखी भर पडते. त्यावर उपाय म्हणजे एसिओ, उशीर कमी करणारा ड्रायव्हर. एफएलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एफएल स्टुडिओ एसिओ निवडा, बाकी सॉफ्टवेअरसाठी एसिओ फॉर ऑल हा फुकटचा ड्रायव्हर आहे. बफर २५६ वर आणा, म्हणजे ५.८. कडकड आवाज येऊ लागला तर प्रोसेसर दमलाय. ५१२ वर जा, आणि वाजवताना मास्टरवरचे, म्हणजे सगळ्या गाण्यावर एकत्र लागणारे जड इफेक्ट बंद ठेवा. रेकॉर्डिंग झाल्यावर बफर पुन्हा वाढवा. भुसावळच्या ४५ अंशांत पंख्याखालचा लॅपटॉपही तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी जे प्रोजेक्ट नीट वाजत होतं ते दुपारी कडकडतं, ते यामुळे.

आणि ब्लूटूथचे इअरफोन लावून वाजवायला बसू नका. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांत जातो, बफरच्या सेटिंगने तो आवरत नाही. वायरचे हेडफोन. पैसे मोजके असतील तर कंट्रोलरच्या आधी हेच घ्या. गायक रेकॉर्ड करणार असाल तर माइक आणि ऑडिओ इंटरफेसही (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) कंट्रोलरच्या आधी. त्या इंटरफेससोबत चांगला एसिओ ड्रायव्हर येतो आणि उशिराचा प्रश्नही बराचसा सुटतो.

कंट्रोलर जोडला आणि काहीच होत नाही, तर या क्रमाने पाहा. केबल बदला, मोबाइल चार्जरच्या कित्येक केबलमध्ये फक्त वीज जाते, डेटाच्या तारा नसतात, दिवे लागतात पण सूर नाही. मधला यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपला लावा. एफएल उघडलेला असताना जोडला असेल तर एफएल बंद करून पुन्हा उघडा. मग एफ१० दाबून मिडी सेटिंगमध्ये इनपुटच्या यादीत त्याचं नाव निवडा आणि 'एनेबल' पेटवा. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुट चालू करून शिवाय ट्रॅकचं लाल बटण, ट्रॅकचं इनपुट मिडीवर आणि मॉनिटर चालू, ही तीनही लागतात. नवखे तिसरं विसरतात. एवढं करून नाव दिसतंय पण उघडत नाही असं होत असेल तर दुसरं एखादं सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरमधला टॅब त्याला धरून बसलाय का पाहा. बऱ्याच विंडोज मशीनवर एक मिडी उपकरण एका वेळी एकालाच मिळतं.

रेकॉर्ड झाल्यावर क्वांटाइझ, म्हणजे सगळे सूर आपोआप खान्यांना चिकटवणं, मारायचा हात आवरा. शंभर टक्के मारलं की तुम्ही पॅडवर आणलेली लचक पुसली जाते आणि मग कंट्रोलर घेतला कशाला? पन्नास-साठ टक्के द्या, किंवा फक्त समेचा बोल जागेवर आणून बाकीचे तसेच ठेवा.

पेडल लावल्यावर उलटं वागत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर कंट्रोलर चालू करताना पेडलवर पाय होता. बरेच कंट्रोलर चालू होतानाच पेडल कोणत्या जातीचं ते ओळखतात. बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा.

फक्त मोबाइलच असेल तरी अडत नाही. अँड्रॉइडला सहाव्या आवृत्तीपासून मिडी कळतं. ओटीजी केबल आणि एफएल स्टुडिओ मोबाइलसारखं अ‍ॅप पुरतं. लहान २५ पट्ट्यांचा कंट्रोलर फोनच्या विजेवर चालतो, बॅटरी मात्र पटापट उतरते. पीएसआर फोनकडून वीज घेत नाही, त्याचा अडॅप्टर किंवा सेल वेगळे लागतात. वीज गेल्यावर लॅपटॉप आणि कंट्रोलर बॅटरीवर चालत राहतात, पीएसआर सेल नसतील तर बंद पडतो, हे स्वतःचा कंट्रोलर घेण्याचं एक अगदी घरगुती कारण.

जुना घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या. पियानो रोल उघडून रेकॉर्ड लावा, प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबा आणि जोराच्या रेघा पाहा. हळू दाबल्यावरही १२७ येत असेल तर त्या पट्टीखालचा रबरी संपर्क गेलाय. चाक सोडल्यावर सूर मूळ जागी येतो का ऐका. यूएसबीची पिन भोकात हलवून पाहा. जुन्या कंट्रोलरमध्ये सगळ्यांत आधी तीच सैल होते. आणि विकणारा 'सोबत सॉफ्टवेअर फ्री आहे' म्हणाला तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका, कारण तो कोड बहुधा पहिल्या मालकाच्या नावावर कधीच नोंदवून झालेला असतो.